‘गॅस संपला असेल’

गाडीचा एसी गार करेनासा झाला, की बॉनेट उघडण्याआधीच ऐकणाऱ्याच्या तोंडून एकच वाक्य निघते: ‘गॅस संपला असेल.’ हे वाक्य इतक्या खात्रीने उच्चारले जाते, की त्यातील ‘संपला’ हे क्रियापद तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. पेट्रोल संपते, कारण ते जळते. एसीचा गॅस मात्र जळत नाही आणि झिजतही नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव करतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक वाटेने तो डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये शिरतो, तेथे उकळताना केबिनमधील उष्णता शोषतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे परततो. ही सारी येरझार बंद नळ्यांतली आहे. तेव्हा गॅस कमी झाला असेल, तर तो कोठून तरी निसटलेला असतो, आणि ती जागा न शोधता नवा गॅस भरणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणे होय.

हे शहाणपण मी आज सांगतो आहे खरा, पण त्याआधी मी स्वतः दोनदा गॅस भरून घेतला आहे. माझ्या गाडीची तक्रार अशी होती, की ती पळत असताना एसी उत्तम चाले आणि सिग्नलला उभी राहिली की दोन-तीन मिनिटांत कोमट हवा येऊ लागे. पहिल्या मेकॅनिकने दाब मोजणारे गेज लावले, काट्याकडे पाहून मान हलवली आणि ‘थोडा कमी आहे’ म्हणत गॅस टॉपअप केला. पंधरा दिवसांनी मी पुन्हा त्याच्याकडे गेलो, तेव्हाही तेच झाले. दुसऱ्या खेपेनंतर सिग्नलवरची हवा आधीपेक्षाही लवकर कोमट होऊ लागली, तरी माझा गॅसवरचा विश्वास ढळला नाही.

पुढे ज्या वयस्क मेकॅनिककडे गेलो, त्यांनी गेजला हातही लावला नाही. ‘किती गार होतं ते राहू द्या, कधी होत नाही ते सांगा,’ एवढेच ते म्हणाले. मी सांगितले. त्यांनी इंजिन आणि एसी सुरू ठेवून कंडेन्सरच्या पंख्याकडे बोट दाखवले. पंखा स्तब्ध होता. गाडी पळताना समोरून येणारा वारा त्याचे काम करत होता. गाडी थांबली की कंडेन्सर तापे, दाब वाढे आणि नळ्या फुटू नयेत म्हणून बसवलेला प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करून टाकी. आधीच्या दोन टॉपअपांनी त्या दाबात भरच घातली होती. गॅस काढून वजन केले, तेव्हा तो बॉनेटखालच्या लेबलावर लिहिलेल्या ग्रॅमपेक्षा बराच जास्त भरला.

मग गेजवरचा काटा खोटे बोलत होता काय? नाही, आम्हीच त्याला भलता प्रश्न विचारत होतो. एसी बंद असताना नळ्यांत थोडाही द्रव शिल्लक असेल, तर तेथील दाब केवळ तापमानावर ठरतो. आर-१३४ए हा गॅस असेल आणि गाडी ३० अंश सेल्सिअसच्या हवेत उभी असेल, तर काटा साधारण ९७ पीएसआय दाखवतो, मग आत पूर्ण भरणा असो की निम्मा. स्वयंपाकाच्या सिलिंडरची ज्योत पाहून आत किती गॅस उरला हे जसे कळत नाही, तसेच हे आहे. एसी चालू असताना कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचे दाब बरेच काही सांगतात, पण प्रमाण कळण्याचा खरा मार्ग म्हणजे सगळा गॅस काढणे, व्हॅक्यूम करून आतील हवा व दमटपणा घालवणे आणि वजनावर भरणे. यास वेळ लागतो. टॉपअपच्या लोकप्रियतेचे दुसरे कारण मला तरी दिसत नाही.

त्या दिवसापासून मी ‘कधी’वर फार भरवसा ठेवू लागलो आहे. सुरुवातीला गार आणि तासाभराने वाराच मंद झाला, तर कॉइलवर बर्फ धरल्याचा संशय घ्यावा. वारा पहिल्यापासूनच क्षीण असेल, तर आधी केबिन फिल्टर काढून पाहावा. तो पाहणे फुकट असते आणि बहुधा म्हणूनच कोणी सुचवत नाही. कॉम्प्रेसरला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारा-सोडवणारा क्लच दर काही सेकंदांनी टक्-टक् करत लागत-सुटत असेल, तर मात्र गॅस खरोखरच कमी असण्याची शक्यता मोठी. या टक्-टक्चेही मला अप्रूप आहे. पॅकार्ड कंपनीने १९४०च्या मॉडेलांत मोटारीला एसी दिला, तेव्हा त्याच्या कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. तो थांबवायचा तर इंजिन बंद करून पट्टा उतरवावा लागे.

पंख्याची मोटर बदलल्यावर आठवडाभरातच गाडीखाली पाण्याचे थारोळे दिसले आणि मी घाबरून त्याच मेकॅनिकांना फोन केला. ते हसले. ‘ते हवेतलं पाणी आहे, गार कॉइलवर जमतं आणि नळीतून खाली पडतं. ते पडायचं थांबलं आणि पायाखालचं कार्पेट ओलं लागलं, तर गाडी घेऊन या.’