चावी खुंटीवर, बोल्ट घट्ट

लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापायच्या मशीनवर, चौदा वर्षं काढल्यावर माझ्या हातून नवशिक्याची चूक झाली. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चकमध्ये बांधला. चक म्हणजे तो पकडून फिरणारा भाग. चावीने त्याचे जॉ, म्हणजे जबडे, आवळले, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. नंबर बघितला, फोन परत खिशात टाकला आणि मशीन सुरू केलं. चकची चावी चकमध्येच होती! चक फिरवणारं स्पिंडल मिनिटाला 800 फेऱ्यांवर लावलेलं, म्हणजे सेकंदाला तेरा फेरे. चावी उडताना दिसलीच नाही, मागच्या पत्र्यावर आदळल्याचा आवाज तेवढा ऐकला. पोचा पडला होता माझ्या गळ्याच्या उंचीवर.

उपाय कुणालाही सुचेल तोच केला, फोन लॉकरमध्ये. महिनाभर वाटलं, सुटलो. मग एकदा हेल्परने ड्रॉइंगमधलं माप विचारलं. मान वळवून सांगितलं, परत वळून मशीन चालू केलं, तर कापायचं टूल धरणाऱ्या टूल पोस्टचा बोल्ट आवळायचाच राहिलेला. टूल सरकलं, जॉब भंगारात. फोन मात्र लॉकरमध्ये शहाण्यासारखा पडून होता.

त्या रात्री दोन्ही प्रसंग मनात पुन्हा पुन्हा आठवून पाहिले. लक्ष गेलं तेव्हा काहीच बिघडलं नव्हतं, मशीन बंदच होतं. घात झाला परत आल्यावर. हात होता तिथूनच पुढे चालू लागला आणि मनाने धरून घेतलं की मधलं काम झालंय.

म्हणून स्वतःला एक जाच लावून घेतला. सेटिंग चालू असताना कुणी अडवलं, की पुन्हा पहिल्यापासून तपासायचं. अर्धवट जागेवरून नाही. याचा कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. मग अडवणूकच कमी करायच्या मागे लागलो. अमेरिकेत 1981 पासून वैमानिकांना नियम आहे, की उड्डाण करताना आणि उतरताना 10,000 फुटांखाली कामाखेरीज बोलायचं नाही. माझे दहा हजार फूट म्हणजे जॉब बांधण्यापासून पहिला कट लागेपर्यंत. तेवढा वेळ बाकीच्यांनी मशीनभोवतीच्या पिवळ्या पट्टीबाहेर थांबायचं, मी वळेपर्यंत हाक मारायची नाही. ‘साहेब झालास काय रे?’ असं एका जुन्या सोबत्याने विचारलंच. विचारू दे.

बोलून तपासायची सवय जपानी रेल्वेवाल्यांची. तिथे चालक सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने उच्चारतात. 1994 साली तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने घेतलेल्या चाचणीत, नुसतं करण्यापेक्षा बोट दाखवून आणि बोलून केल्यावर 100 कृतींमागच्या चुका 2.38 वरून 0.38 वर आल्या. मीही सुरू केलं, ‘चावी खुंटीवर, बोल्ट घट्ट, गार्ड बंद.’ पहिले काही दिवस लाज वाटायची, पोरं हसायची.

पुढे सुपरवायझरच्या मागे लागून स्प्रिंगची चावी मागवून घेतली. हात काढला की ती आपोआप चकमधून बाहेर पडते. माझ्या सगळ्या शिस्तीपेक्षा मला तीच जास्त भरवशाची वाटते, कारण रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला माझं डोकं कसं चालतं ते मला ठाऊक आहे.

बोल्टला मात्र तशी स्प्रिंग नसते. मागच्या आठवड्यात तोंडाने ‘बोल्ट घट्ट’ म्हणून गेलो आणि पाना अजून ड्रॉवरमध्ये होता. जिभेलाही सवय लागली होती. आता बोल्टवर पाना लावून जोर दिल्याशिवाय तो शब्द काढत नाही.