भारतीय पायलट लायसन्सवरून युरोपचं खासगी पायलट लायसन्स (पीपीएल): माझा अनुभव

धुळ्याला, गोंदूरच्या धावपट्टीवर, माझं २१० तासांचं फ्लाइंग झालं. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, हातात आलं आणि नेमक्या त्याच वर्षी कुठे भरती नव्हती. दोन वर्षं वाट पाहिली, मग मुकाट्याने सॉफ्टवेअरमध्ये शिरले. पुढे लग्न झालं आणि आम्ही फ्रँकफर्टला आलो. लायसन्स मात्र मरू दिलं नाही. सुट्टीत भारतात गेले की मेडिकल आणि उड्डाणाची चाचणी उरकून यायचे. सासरी याला ‘तिचं ते विमानाचं’ म्हणायचे.

चाळिशी ओलांडल्यावर ठरवलं, आता इथेच उडायचं.

पहिला गैरसमज असा की ‘ईएएसएचं लायसन्स’ ईएएसए, म्हणजे युरोपची विमान सुरक्षा संस्था, देते. ईएएसए कोलोनला बसून नियमांचं काम पाहते, लायसन्स मात्र सदस्य देश देतो. म्हणून आधी देश ठरवायचा, कारण मेडिकलचे कागदही त्याच देशाकडे जातात. दुसरं, व्हॅलिडेशन आणि कन्व्हर्जन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हॅलिडेशन म्हणजे तुमच्या परदेशी लायसन्सवर ठरावीक मुदतीची, जास्तीत जास्त वर्षभराची परवानगी. कन्व्हर्जन केलं की युरोपचं स्वतंत्र लायसन्स मिळतं.

सीपीएलचं सीपीएल करावं असं आधी वाटलं होतं. पण त्यासाठी १३ पेपर, प्रत्येकात ७५ टक्के, एका पेपरला चारच संधी आणि सगळं १८ महिन्यांत. डीजीसीएच्या (भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परीक्षांचं इथे काहीच धरत नाहीत. नोकरी आणि शाळेत जाणारी दोन मुलं सांभाळून हे कुणासाठी करायचं? विमान कंपनी मला आता घेणार नव्हती. पीपीएलला मात्र किमान १०० तासांचा अनुभव, एअर लॉ (हवाई कायदे) आणि ह्यूमन परफॉर्मन्स (उड्डाणात माणसाचं शरीर-मन कसं वागतं) हे दोनच पेपर, मेडिकल, भाषेची पातळी आणि स्किल टेस्ट, म्हणजे उड्डाणाची परीक्षा, एवढंच लागतं. मी पीपीएल धरलं आणि अजून त्याचा पश्चात्ताप नाही.

खरा घोळ झाला नावाचा. लायसन्सवर माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. लॉगबुकची पहिली निम्मी पानं एका नावाची, उरलेली दुसऱ्या. आपल्याकडे यात कुणाला काही वाटत नाही. इथल्या लायसन्स कार्यालयातल्या बाईंनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि शांतपणे विचारलं, “या तिघी कोण?” विवाहनोंदणीचा दाखला, त्याचं शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन भाषांतर आणि वर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, एवढं दिल्यावर त्या तिघींची एक झाली. माहेरच्या नावाने लायसन्स काढलेल्या मैत्रिणींनो, हे काम भारतात असतानाच करून ठेवा.

मग लायसन्सची पडताळणी. लायसन्स खरं आहे, चालू आहे, हे मूळ देशाने इथल्या कार्यालयाला थेट कळवावं लागतं. आपण नेऊन दिलेलं पत्र चालत नाही. त्यासाठी डीजीसीएच्या पोर्टलवर शिरायचं तर ओटीपी माझ्या जुन्या भारतीय नंबरवर. ते सिम नाशिकला बाबांच्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये. मी ऑफिस सुटल्यावर बसायचे तेव्हा तिकडे रात्रीचे दहा वाजून गेलेले असायचे आणि बाबा झोपलेले. शेवटी एका रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लावून बसलो. बाबा चष्मा शोधणार, आकडे एकेक करून वाचणार, आणि सहावा आकडा येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली. चौथ्या खेपेला आईने फोन हिसकावून घेतला आणि काम झालं. नंबर आधीच बदलून घेतला असता तर दीड महिना वाचला असता. चूक सर्वस्वी माझी.

जर्मनीत पायलटला आणखी एक पायरी चढावी लागते: त्सुफरलेसिशकाइट्स-उबरप्रुफुंग, म्हणजे सुरक्षेच्या दृष्टीने तुम्ही भरवशाचे आहात की नाही याची सरकारी चौकशी. शब्द म्हणायला जितका वेळ लागतो त्या मानाने फॉर्म लहान आहे. गेल्या दहा वर्षांत राहिलेले सगळे पत्ते मात्र आठवावे लागतात. मी तर त्याआधीचा, धुळ्यातल्या पेइंग गेस्टच्या खोलीचाही दिला. पीपीएलला लागणारं क्लास टू मेडिकल सरळ झालं. वयामुळे ईसीजी लागला आणि चाळिशीनंतर ते दोन वर्षंच चालतं.

पेपर मला जर्मनमधून द्यावे लागले. ह्यूमन परफॉर्मन्समध्ये हायपॉक्सियाला, म्हणजे ऑक्सिजनच्या कमतरतेला, ‘झाउअरस्टॉफमांगेल’ म्हणतात हे कळेपर्यंत मलाच थोडा झाला. एअर लॉ पाठांतराने निघेल असं समजू नका. युरोपचे हवाई नियम आपल्या ओळखीचेच वाटतात आणि तिथेच फसायला होतं. व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघत नजरेने उडणं, म्हटलं की माझ्या डोक्यात पाच किलोमीटर दृश्यमानता घट्ट बसलेली. इथे खालच्या, अनियंत्रित ‘जी’ हवाई क्षेत्रात, ढगाबाहेर आणि जमीन दिसत असेल तर दीड किलोमीटरवरही कायदा अडवत नाही. मी दीड किलोमीटरला जाणार नाही, तो भाग वेगळा. रेडिओची परीक्षा टेलिकॉम नियामकाकडे असते, जशी माझ्या वेळी आपली आरटीआर ही रेडिओची परीक्षा दूरसंचार खात्याकडे होती. इंग्रजीपुरती देता येते, पण काही लहान मैदानांवर रेडिओ फक्त जर्मन. म्हणून मी जर्मनचीही दिली.

फ्लाइंगला सक्तीचे तास नव्हते. टेस्टला तयार आहात असं इन्स्ट्रक्टरला वाटलं पाहिजे. मला आठ तास लागले. त्यातले फार तर तीन विमान हाताळण्यात गेले, बाकीचे एक सवय मोडण्यात.

पहिल्या दिवशी गवताच्या मैदानावर सेसना १७२ ची तपासणी झाली आणि मी विचारलं, “फ्लाइट प्लॅन कुठे भरायचा?”

“कशाला?”

“मग क्लिअरन्स कोण देणार?”

इन्स्ट्रक्टर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्याने इकडेतिकडे पाहिलं. “हवामान बघितलंस? नोटाम (वैमानिकांसाठीच्या सूचना) वाचलेस? इंधन आहे? मग तूच दे.”

गोंदूरहून क्रॉस कंट्रीला निघताना फ्लाइट प्लॅन, एअर डिफेन्स क्लिअरन्सचा नंबर, एफआयसीचा (उड्डाण माहिती केंद्राचा) नंबर, हे सगळं गुडघ्यावरच्या पॅडवर लिहिलेलं असायचं. ते आकडे असले की धीर यायचा. इथे देशातल्या देशात दिवसाच्या व्हीएफआरला, नियंत्रित हवाई क्षेत्राबाहेर, त्यातलं काही लागत नाही. पण फ्रँकफर्टचं क्लास सी हे नियंत्रित हवाई क्षेत्र बाजूलाच आहे. तिथे चुकून शिरलात तर तुम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं हे कारण चालत नाही. पहिले काही दिवस मी रेडिओवरच्या लांगेन इन्फर्मेशन या माहिती सेवेला उगाचच दर पाच मिनिटांनी माझी उंची कळवत होते. पलीकडचा माणूस सभ्य होता. एकदाच म्हणाला, “मॅडम, मला दिसतंय.”

स्किल टेस्ट मे महिन्यात झाली. गोंदूरला परतताना लळिंगचा किल्ला शोधायचा, तसा इथे टाउनुस रांगेतला ग्रोसर फेल्डबेर्ग डोंगर. अर्ध्या वाटेत परीक्षकाने नकाशावर बोट ठेवून गेल्नहाउझेनला जायला सांगितलं. दिशा, वेळ, इंधन बरोबर आलं. परतताना त्याने थ्रॉटल मागे ओढला: समज इंजिन गेलं, उतर. खाली पिवळीधमक रेप्सची (मोहरीसारख्या तेलबियांची) शेतं, सपाट, मोठी, मोहात पाडणारी. धुळ्याच्या उन्हाळ्यात कापणी झालेलं कुठलंही रान चाललं असतं. पण रेप्स छातीएवढं वाढतं, चाकं अडकून विमान उलटू शकतं, हे आदल्या आठवड्यातच ऐकलं होतं. मी पलीकडचं कापलेलं गवत धरलं. पाचशे फुटांवर त्याने थ्रॉटल परत दिला आणि काही बोलला नाही. खाली आल्यावर एवढंच म्हणाला, “वाऱ्याची दिशा कुणाला न विचारता बघितलीस.”

तीन आठवड्यांनी लायसन्स टपालाने आलं, सासरच्या आडनावाने. त्यावर मुदत नसते. सिंगल इंजिन रेटिंगला, म्हणजे एका इंजिनाचं विमान उडवण्याच्या परवानगीला, दोन वर्षांची असते. दुसऱ्या वर्षात १२ तास, त्यातले सहा पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी आपल्याकडे) म्हणून, १२ टेकऑफ-लँडिंग आणि इन्स्ट्रक्टरबरोबर एक तास झाला की ते वाढतं. लंडनच्या मैत्रिणीला वाटलं माझ्या लायसन्सवर तिकडची नोंदणी असलेलं विमान सहज उडवता येईल. ब्रेक्झिटनंतर तिथलं हवाई खातं वेगळं झालं, तिथल्या लायसन्सचा मार्ग पुन्हा पहिल्यापासून.

डीजीसीएचं लायसन्स मी सोडलेलं नाही. पोर्टलवरचा नंबर अजून जुनाच आहे आणि बाबा न विसरता त्या सिमला रिचार्ज मारतात. ओटीपी आता आई वाचते.