एवढ्याशा डबीला आठ महिने कशाला लागतात?

घरी येणारे पाहुणे, बँकेतले सहकारी, हळदीकुंकवाला आलेल्या बायका, सगळ्यांचा प्रश्न ठरलेला असतो. फळीवरची एखादी डबी हातात घेतात, झाकण उचलून आत डोकावतात, सागवानाचा वास घेतात आणि विचारतात, की तळहातावर मावणारी ही डबी करायला तुम्हाला आठ-आठ महिने कशाला लागतात? गेल्या संक्रांतीला शेजारच्या काकूंनी वाणासाठी पंचवीस डब्या मागितल्या आणि मी पाच देईन, त्याही पुढच्या वर्षी, असे सांगितले, तेव्हा मी त्यांना टाळते आहे असेच त्यांना वाटले. तसे मुळीच नव्हते. सगळेच विचारतात म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

हाताचे काम पाहिले तर ते चौदा-पंधरा तासांचे आहे. फळी रंधून सारखी करायची, चार बाजू कापायच्या, कोपऱ्यांचे डोव्हटेल, म्हणजे एकमेकांत अडकणारे दातेरी सांधे, पटाशीने कोरायचे, तळासाठी खोबण पाडायची, झाकण बसवायचे, घासायचे आणि पॉलिश करायचे. शनिवार-रविवार धरले तरी तीन आठवड्यांत हे सारे उरकते. उरलेला सगळा काळ लाकूड खोलीतल्या मांडणीवर पडून असते, आणि मी दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करून ते पेन्सिलीने त्याच्याच पाठीवर लिहून ठेवते.

हा छंद मला आजीच्या फणेरपेटीमुळे लागला. आत आरसा, खाली मेणाची आणि कुंकवाची जागा, एका कप्प्यात फणी, आणि उघडताना कधीही न कुरकुरणारे झाकण. आजी गेल्यावर ती पेटी माझ्याकडे आली आणि तशी एक आपल्या हाताने करून पाहावी असे मनाने घेतले. नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराची दारे ज्यांनी दुरुस्त केली होती त्या वयस्क सुतारकाकांनी मला पटाशीला धार लावायला आणि रंधा धरायला शिकवले. बाकीचे मी लाकडे खराब करत शिकले.

त्यातली एक खराबी सांगते, कारण आठ महिन्यांचा हिशोब तिथूनच सुरू झाला. 2016 च्या मे महिन्यात मी मामीसाठी एक डबी केली. तिच्या घरी महालक्ष्म्या बसतात, आणि त्यांच्या नथी, ठुशा आणि मोत्यांच्या कंठ्या ठेवायला तिला डबी हवी होती. मी सरकत्या झाकणाची डबी केली. दोन्ही बाजूंच्या खोबणीत झाकण इतके बेतशीर बसले होते की फटीतून कागदही जेमतेम जावा, आणि त्याचा मला फार अभिमान वाटला होता. मामीने त्यात दागिने ठेवून डबी कपाटात ठेवली, ती एकदम भाद्रपदात बाहेर काढली. अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या आल्या, मुखवटे बसले, साड्या नेसवून झाल्या, आणि झाकण काही केल्या सरकेना. मामाने ओढून पाहिले, माझ्या भावाने ओढून पाहिले, कोणी खोबणीत खोबरेल सोडले. शेवटी सांडशीच्या टोकाने झाकण उचकटावे लागले आणि ते मधोमध चिरले. मामी मला एका शब्दाने बोलली नाही, पण त्या दुपारी पंगतीत वाढताना माझे लक्ष लागत नव्हते. चिरलेल्या झाकणाचा मोठा तुकडा मी घरी आणला आणि मोजला. मेमध्ये अगदी 100 मिलिमीटर कापलेली रुंदी 101.1 मिलिमीटर भरली. लांबी मात्र होती तेवढीच होती.

या एका मिलिमीटरात माझे उत्तर आहे. लाकूड म्हणजे झाडाच्या उंचीच्या दिशेने उभ्या असलेल्या बारीक नळ्यांची जुडी. हवेतली ओल या नळ्यांच्या भिंतींत शिरते तेव्हा भिंती जाड होतात, पण लांब होत नाहीत. म्हणून फळी रुंदीत फुगते आणि लांबीत जवळजवळ हलत नाही. आता नागपूरची हवा आठवा. 23 मे 2013 रोजी इथला पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि एरवीच्या मेमध्येही दुपारची हवा इतकी कोरडी असते की वाळत घातलेली साडी अर्ध्या तासात कडक होते. त्याच घरात ऑगस्टमध्ये मीठ पाझरते आणि काडेपेटी पेटत नाही. माझ्या नोंदीतला सागवानाचा एक तुकडा मेअखेर 412 ग्रॅम होता आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात 437 ग्रॅम. जे 25 ग्रॅम वाढले ते निव्वळ पाणी, आणि तेही पावसाचा एक थेंब अंगावर न पडता, घरातल्या मांडणीवर बसल्या-बसल्या हवेतून घेतलेले. एका वर्षात एवढा कोरडेपणा आणि एवढी ओल दोन्ही सोसणाऱ्या गावात डबी करायची, तर ती दोन्ही ऋतूंत उघडली पाहिजे आणि दोन्ही ऋतूंत मिटली पाहिजे.

डबीची रचनाही यावरच ठरते. चारही बाजूंच्या फळ्यांच्या रेषा आडव्या, डबीभोवती फिरणाऱ्या असतात, म्हणून डबीची लांबी-रुंदी बदलत नाही. उंची थोडी बदलते, पण चारही बाजू एकदमच बदलत असल्यामुळे कोपऱ्यांवर ताण येत नाही. अडचण तळाची आणि झाकणाची. ती फळी रुंदीत फुगणार आणि तिला धरणाऱ्या बाजू जागच्या हलणार नाहीत. तळ जर चारही कडांनी फेव्हिकॉल लावून पक्का केला, तर कोरड्यात बसवलेला तळ पावसाळ्यात कोपरे ढकलून उघडतो आणि ओलीत बसवलेला तळ उन्हाळ्यात मधून फाटतो. म्हणून तळ खोबणीत नुसता ठेवायचा, फेव्हिकॉलचा एक थेंबही न लावता, आणि कडेला फुगण्यापुरती जागा सोडायची. डबी हलवली की तळ किंचित वाजतो, ही पुष्कळांची तक्रार असते. ती जागा मी मुद्दाम ठेवलेली असते.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी ज्यांच्या घरी आहे त्यांनी तो एकदा उलटा करून पाहावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले हे चाकांचे बैल सजवून घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात, आणि आमच्या नागपुरात एकेक बैल दोन-तीन पिढ्या चालतो. यांतल्या पुष्कळ बैलांच्या पोटाला किंवा छातीला एक लांब चीर असते. कारागिराचा त्यात दोष नसतो. असा बैल अख्ख्या ओंडक्यातून, झाडाचा गाभा आत ठेवून कोरलेला असतो, आणि लाकूड वाळताना वर्षवलयांच्या घेराच्या दिशेने जितके आकसते तितके गाभ्याकडून सालीकडे आकसत नाही. सागवानात हा फरक दुपटीहूनही अधिक असतो. घेर आटायला पाहतो, आतला गाभा त्याला आटू देत नाही, मग कुठेतरी चीर पडतेच. माझ्या मुलाच्या बैलाची चीर मी बारीक पट्टी घालून बुजवली होती. दुसऱ्या वर्षी तिच्या शेजारी नवी पडली.

हे कळल्यापासून लकडगंजच्या लाकूडबाजारात माझी खरेदी बदलली. पूर्वी मी रंग आणि नक्षी पाहून तुकडे उचलत असे. आता फळीचे टोक आधी पाहते. टोकाकडून पाहताना वलयांच्या रेघा उभ्या दिसल्या तर ती फळी रुंदीत जवळजवळ निम्मीच हलणार. रेघा आडव्या, कमानीसारख्या दिसल्या तर वरची नक्षी कितीही देखणी असली तरी झाकणासाठी ती घ्यायची नाही. आरा मशीनवरची माणसे आता मला ओळखतात आणि उभ्या रेघांचे वाढीव तुकडे बाजूला काढून ठेवतात, याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

जुने लाकूड हलत नाही, असे मला अनेकांनी खात्रीने सांगितले आहे. महाल-इतवारीतले जुने वाडे उतरवले जातात तेव्हा त्यांच्या चौकटींचे सागवान विकायला येते, आणि मलाही ते फार आवडते. रंग गडद, रेषा दाट, आणि जिथे खिळा होता तिथे लोखंडाने पडलेला काळा डाग, जो मी कधी घासून काढत नाही. पण साठ-सत्तर वर्षे वाळलेली ही चौकटसुद्धा प्रत्येक पावसाळ्यात ओल घेते आणि प्रत्येक उन्हाळ्यात सोडते. माझ्या नोंदींत नव्या आणि जुन्या तुकड्यांच्या वजनांच्या चढउतारात फारसा फरक निघालेला नाही. लाकूड भारी प्रतीचे असले की प्रश्न मिटतो, हेही खरे नाही. अयोध्येच्या राममंदिरासाठी 2023 मध्ये बल्लारपूरहून सागवान गेले, त्याचा आम्हा वैदर्भीयांना अभिमान आहे, आणि माझे बरेचसे सागवान त्याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांकडून आलेले असते. पण तेही फुगते आणि आटते, फक्त इतर पुष्कळ लाकडांपेक्षा कमी. शिवण मात्र या बाबतीत फार शहाणे लाकूड आहे. वजनाला हलके, रंगाने फिकट आणि क्वचितच वाकणारे. डबीच्या बाजू सागवानाच्या आणि झाकण शिवणीचे, अशी जोडी मी अलीकडे जास्त करते. हळदूचे पिवळे, बारीक पोताचे लाकूड मिळाले तर आतल्या कप्प्यांना वापरते.

आता आठ महिन्यांचा हिशोब. लाकूड डिसेंबर-जानेवारीत आणते. फेब्रुवारीत त्याच्या हव्या त्यापेक्षा थोड्या जाड फळ्या पाडते आणि दोन फळ्यांमध्ये काड्या घालून, सगळीकडून वारा लागेल अशा बेताने थप्पी रचते. ही थप्पी कूलरच्या खोलीत ठेवायची नाही, हे मी एक उन्हाळा वाया घालवून शिकले. कूलरसमोरच्या लाकडाला मे महिना कळतच नाही. ताट्यांमधून येणारा ओला वारा त्याला जुलैत असल्यासारखे ठेवतो. मेअखेर प्रत्येक फळीची रुंदी मोजून तिच्यावर लिहिते. मग पावसाळा जाऊ देते. या काळात तीन-चार फळ्यांपैकी एखादी पिळवटते किंवा पन्हाळीसारखी वाकते, ती बाद करते. ती डबी झाल्यावर वाकली असती. ऑगस्टमध्ये पुन्हा रुंदी मोजते, आणि मग त्या विशिष्ट फळीची मेमधली आणि ऑगस्टमधली अशी दोन्ही मापे माझ्यासमोर असतात. लाकूड किती फुगते-आटते याच्या छापील कोष्टकातले आकडे त्या जातीच्या लाकडाचे सरासरी आकडे असतात. माझे झाकण एका फळीचे असते, आणि त्या फळीचे माप तिलाच विचारावे लागते. गणपतीनंतर कोपरे कोरायला घेते. झाकण सर्वांत शेवटी, नवरात्र ते दिवाळीच्या मधल्या दिवसांत बसवते, कारण तेव्हा हवा ना मेची असते ना ऑगस्टची, आणि लाकूड आपल्या दोन टोकांच्या मधोमध आलेले असते.

पॉलिश लावल्यावर तर ओल शिरत नसेल ना, असे विचारले जाते. मी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे पॉलिश करते, पळसावर आणि कुसुमावर वाढणाऱ्या किड्यांची ती लाख, आणि वरून मधमाशीच्या मेणाचा हात देते. पॉलिशमुळे ओल सावकाश शिरते, इतकेच. चार महिन्यांचा पावसाळा तिला पुरून उरतो. एक मात्र सांभाळते. झाकणाला वरून जेवढे हात देते, तेवढेच खालूनही देते. एकच बाजू पॉलिश केलेले झाकण दोन्हीकडून सारखी ओल घेत नाही आणि वाटीसारखे वळते. बाजारातल्या पुष्कळ डब्या आतून कोऱ्या असतात, त्या हातात घेतल्या की माझा जीव हळहळतो, कारण बाहेरचे काम अनेकदा माझ्यापेक्षा कितीतरी सफाईचे असते.

काकूंच्या पंचवीस डब्यांना मी नाही का म्हटले, ते आता लक्षात आले असेल. पंचवीस डब्यांची लाकडे वाऱ्यावर पसरून ठेवायला माझ्या खोलीत जागा नाही, आणि जानेवारीत घाईने केलेल्या डब्या घरोघरी वाटल्या असत्या तर पहिल्याच श्रावणात त्यांची झाकणे अडकली असती. पाच डब्यांची लाकडे फेब्रुवारीपासून थप्पीत आहेत.

मामीला मी 2018 मध्ये नवी डबी दिली. तिला सरकते झाकण नाही. शिवणीच्या उभ्या रेघांची सत्तर मिलिमीटरची फळी तोंडावर वरून आत बसते आणि मधोमध तेंदूच्या काळ्या गाभ्याची छोटी मूठ आहे. दर महालक्ष्म्यांना मी तिच्याकडे जाते तेव्हा दागिने निघाल्यावर ती डबी आपणहून माझ्या हातात देते. भाद्रपदात झाकण बसवताना अंगठ्याने हलकेच दाबावे लागते. मे महिन्यात तेच झाकण सोडताक्षणी टक् करून खाली बसते आणि कडेने केसाएवढी फट दिसते. दिवाळीच्या सुमारास मात्र ते तोंडावर ठेवून हात काढून घेतला, की आतली हवा कडेकडेने बाहेर पडत राहते आणि झाकण अगदी सावकाश, तीन आकडे मोजेपर्यंत, आपल्या आपण खाली उतरते.