आचारसंहिता लिहाल, पण तक्रार घेणार कोण?

आचारसंहिता म्हटलं की गोव्यात आधी निवडणूक आठवते. वाड्याच्या किंवा नाट्यमंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपलाही ती लागते, पण तिथं 'सर्वांनी आदराने बोलावं' एवढ्यावर काम उरकतात. ऐन भांडणात या ओळीचा काडीचा उपयोग नाही. आपण अनादर केला असं शिवी देणाऱ्यालाही वाटत नसतं.

नेमकं लिहा. जात-धर्मावरून टोमणे नकोत, 'घाटी' म्हणून हिणवणं नको, कुणाचा फोटो वा नंबर न विचारता बाहेर पाठवणं नको. भाषेचं कलम तर इथं हवंच. १९८७च्या राजभाषा कायद्यानं देवनागरी कोंकणीला राजभाषा केलं, मराठीच्या सरकारी वापरालाही वाव ठेवला. रोमीची, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीची, मागणी आजही आहे. यावर वाद खुशाल घालावा. पण 'मराठीत कशाला लिहितोस?', 'रोमीत नको' असं म्हणून कुणाला गप्प करायचं नाही.

खरं घोडं अडतं तक्रारीपाशी. तिघांची समिती नेमा. त्यात किमान एक बाई आणि अ‍ॅडमिन नसलेला एक जण असू द्या. तक्रार पोचल्याचं दोन दिवसांत कळवायचं, निर्णय सात दिवसांत. तक्रार समितीतल्याच माणसाविरुद्ध असेल तर तो बाजूला बसेल आणि त्याच्या जागी कोण येईल, हे आधीच ठरवा. हे कलम लिहायचं राहून गेलं की पहिल्याच मोठ्या भांडणात सगळी संहिता बुडते. आणि मेसेज डिलीट करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, नाहीतर समितीपुढं पुरावाच उरत नाही.

शिक्षा अ‍ॅपला जमेल अशीच ठेवा. टेलिग्रामवर एकाच सदस्याचं लिहिणं ठरावीक दिवस बंद करता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर एकट्याला गप्प करायची सोय नाही. तिथं मेसेज काढा, माणूस काढा, नाहीतर सगळ्यांचंच लिहिणं बंद करा. म्हणून खाजगीत समज, मग लेखी ताकीद, मग महिनाभर ग्रुपबाहेर.

'पोलीस आपल्याला धरतील' या धास्तीनं काही अ‍ॅडमिन दिसेल ते पुसत सुटतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१मध्ये सांगितलंय, की दोघांचा संगनमताचा हेतू नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी निव्वळ अ‍ॅडमिन म्हणून कुणी जबाबदार ठरत नाही. आपलं पर्वरीचं खंडपीठ त्याच न्यायालयाचं. अ‍ॅडमिननं स्वतः तो मेसेज पुढं ढकलला, तर गोष्ट वेगळी.

मसुदा पंधरा दिवस ग्रुपवर ठेवा, मग पोल घ्या. जुनी भांडणं उकरायची नाहीत, हे लागू तारखेसकट त्यातच लिहा.