मी मृदंगाच्या बाजूला बसतो

तुळशीचं लग्न झालं रे झालं की आमच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात. आज धयकालो खंय, कंपनी कुठली, राजपार्ट म्हणजे राजाच्या भूमिकेत कोण, स्त्रीपार्ट कोण, आणि मग कोण कोणाच्या गाडीवर. धयकालो म्हणजे दशावतार, आमच्याकडचं लोकनाट्य. कार्तिकात आमच्या सिंधुदुर्गात जत्रा लागतात त्या पार उन्हाळ्यापर्यंत चालतात, रात्रभर नाटक आणि पहाटे दहीकाला. आम्ही नऊ-दहा जण आहोत, एका सीझनला माझीच चाळीसेक नाटकं होतात आणि आमचे काका, रिटायर्ड एसटी ड्रायव्हर, ते तर साठच्या खाली कधी येतच नाहीत.

मी यात आलो तो २०२१ च्या जत्रांना. त्याच्या आदल्या वर्षी लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली, मुंबईची खोली सोडली आणि कुडाळजवळच्या आमच्या घरी येऊन राहिलो. गावातले लोक चांगलेच वागले, पण मी सगळ्यांसाठी मुंबैकार होतो. मालवणी सगळी समजायची, बोलायला गेलो की तोंडातून मराठीच यायचं. मुंबईत असताना मी कोकणातला होतो आणि इथे मुंबईचा, म्हणजे जिथे जाईन तिथे पाहुणाच.

तर त्या वर्षी देवळाच्या मांडवात एकटाच जाऊन बसलो. सुरुवातीला आडदशावतार असतो, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा भाग, गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, मग काळ्या कपड्यातला संकासूर राक्षस लाल जीभ काढून येतो आणि सगळी देवमंडळी शुद्ध बोलत असताना हा एकटा मालवणीत सुरू होतो. मांडव हसत होता आणि माझं लक्ष होतं मृदंगाकडे. मृदंगी बाजूला बसून कणीक भिजवत होते, चपातीला मळतात तशीच कणीक, तिचा गोळा करून त्यांनी मृदंगाच्या डाव्या तोंडावर थापला, बोटाने कडेपर्यंत पसरला, एक थाप मारली, मान हलवली, चिमूटभर काढली, परत थाप. तिसऱ्या थापेला तो आवाज आला, खालून येणारा, छातीत वाजणारा. मी उठून सरळ त्यांच्या बाजूला जाऊन बसलो.

नाटक संपल्यावर चहाच्या टपरीवर काका आणि बाकीचे वाद घालत होते, राजा बरा की खलनायक बरा. काकांनी मला विचारलं, "तुका कोण आवडलो?" मी म्हटलं, मृदंग. सगळे गप्प झाले. मग काका सरकले आणि म्हणाले, "बस हय." त्यानंतर मला कोणी कुठला म्हणून विचारलं नाही, उद्या खंय जाऊचा ते ठरलं फक्त.

लोकांना वाटतं फॅन म्हणजे सगळे एका सुरात ओरडणारे. आमच्यात दोन माणसांचं एक मत होत नाही हो. एक जण फक्त स्त्रीपार्ट बघायला येतो, पुरुषमाणूस लुगडं नेसून उभा राहिला की पाऊल कसं पडतं, पदर कसा सावरतो, यावर तो अर्धा तास बोलेल. कॉलेजातली एक मुलगी आहे, ती नाटकापेक्षा रंगपटात जास्त, पेटाऱ्यासमोर आरसा लावून कलाकार स्वतःचं तोंड स्वतः रंगवतात ते बघत बसते आणि वहीत चेहरे काढते. काकांना संवाद. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, आख्यान कुठलं ते ठरतं आणि बाकी सगळं उभ्या उभ्या बोलायचं, त्यामुळे तेच आख्यान दहा वेळा बघितलं तरी दहाही वेळा वेगळं, आणि काकांना कुठल्या गावात कोण काय बोलला ते आठवतं. पार्सेकर, वालावलकर, मोचेमाडकर, या कंपन्यांची नावंच मुळात गावांवरून, त्यामुळे भांडणात गावाचा अभिमानही येतोच. ट्रिकसीनवरून, म्हणजे नाटकात चमत्कार दाखवायच्या युक्त्यांवरून, तर दोघे आठवडाभर बोलत नव्हते. माझंही भांडण आहे, हल्ली ठिकठिकाणी आडदशावतार घाईत उरकतात ते मला अजिबात पटत नाही आणि मी ते दर वेळी सांगतो.

आणि तरी, किंवा त्यामुळेच असेल, ही माझी माणसं आहेत. मी काकांसारखं बघायला लागलो असतो तर माझ्याशी बोलण्यासारखं त्यांच्याकडे काय राहिलं असतं? आता मृदंग जरा उतरला तरी लांबून काका माझ्याकडे बघतात, म्हणजे ऐकलंस का.

२०२२ च्या फेब्रुवारीत सुधीर कलिंगण गेले. नेरूरच्या कलेश्वर दशावतार मंडळाचे कलाकार, लोकराजा म्हणायचे त्यांना. त्या रात्री ग्रुपवर श्रद्धांजलीचा तयार फोटो एकानेही टाकला नाही. काकांनी एक संवाद टाईप करून पाठवला, त्यांना पाठ होता तो. मुलीने मुकुटाचं चित्र काढून पाठवलं. माझ्याकडे फक्त त्यांच्या एन्ट्रीचं रेकॉर्डिंग होतं, बारा सेकंदांचं, माणूस दिसतच नाही त्यात, मृदंग आहे आणि लोकांची शिट्टी आहे. पाठवू की नको करत शेवटी पाठवलं. काकांचा फोन आला, बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "परत लाव रे ता." फोनवरच दोनदा लावलं.

गेल्या सीझनला वालावलच्या बाजूला एका जत्रेत लवकर पोचलो होतो. रंगपटात पेट्रोमॅक्स नाही आता, एलईडीच, पण तोच रंगाचा आणि अगरबत्तीचा वास. मृदंगी पहिल्या वर्षीचेच. वाद्यं मांडत होते, मला बघितलं आणि पिठाची पुडी आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

"घट्ट मळ हां, सैल नको."

मी मांडी घालून बसलो आणि कणीक मळायला घेतली. बाहेरून काका हाक मारत होते, पुढची जागा धरलीय म्हणून. मी आतूनच ओरडलो, "माका हयच बसूचा आसा!"