पानावर पडलेली सावली

समग्र शिक्षा योजनेतील फिरत्या विशेष शिक्षकांच्या कामावर देखरेख ठेवणे ही माझी जबाबदारी. प्रत्यक्षात म्हणजे शाळांना भेटी देणे, पाठ पाहणे आणि नोंदवहीत शेरे लिहिणे. त्या जुलैमध्ये घाटमाथ्यावरील एका जिल्हा परिषद शाळेत पाचवीतल्या मुलाचे ब्रेल वाचन पाहायला मी तिसऱ्यांदा गेले होते. आधीच्या दोन्ही भेटींत ‘वाचन प्रवाही’ असा शेरा मीच दिला होता.

त्याही दिवशी मुलगा खिडकीशी बसून, दोन्ही हात पानावर ठेवून, मान खाली घालून न अडखळता वाचत होता. लिहायला उजेड हवा म्हणून मी खिडकीकडे सरकले आणि तो वाक्याच्या मध्येच थांबला. “पुढे वाच,” असे सर म्हणाले, तरी तो गप्पच. मी बाजूला झाले तसे वाचन पुन्हा सुरू झाले. मग मी मुद्दाम उजेडाच्या आड उभी राहिले. माझी सावली पानावर पडली की तो थांबत होता. ब्रेलचा ठिपका कागदावर जेमतेम अर्धा मिलिमीटर उठलेला असतो. बोटाला उजेडाशी देणेघेणे नसते. डोळ्याला मात्र पांढऱ्यावरचा पांढरा ठिपका दिसतो तो त्याच्या इवल्याशा सावलीमुळे. मुलाची बोटे नुसती फिरत होती, वाचत होते ते डोळे.

“बोटांनी लई वेळ लागतो, मॅडम. सर थांबून राहत्यात,” तो म्हणाला.

सरांचा चेहरा उतरला. ब्रेल बंद करून मोठ्या अक्षरांची पुस्तके द्यावीत, असे मी घाईने म्हणून गेले, तेव्हा त्यांनी मुकाट्याने फाईल पुढे केली. रेटिनायटिस पिग्मेंटोसा. या आजारात प्रथम अंधुक उजेडातले दिसेनासे होते, मग नजरेचा घेर कडेने आक्रसत जातो, समोरचे अक्षर मात्र बराच काळ दिसत राहते. म्हणून उंबऱ्याला ठेचकाळणारा हा मुलगा ठिपके वाचू शकत होता. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी, १० अंशांपर्यंत, असणे हीसुद्धा अल्पदृष्टीच आहे, हे मला पाठ होते. त्याच्या हातांकडे मात्र मी कधी नीट पाहिले नव्हते. पुढे नजर आणखी कमी होण्याची शक्यता असल्याने ब्रेल शिकवण्याचा सरांचा निर्णय योग्यच होता.

दोन्ही चालू ठेवायचे ठरले: वर्गात ठळक छपाई, आणि ब्रेलसाठी वहीच्या पुठ्ठ्याचा आडोसा, ज्याखाली हात जातील पण नजर पोहोचणार नाही. डोळ्यांवर पट्टी बांधणे मला पटत नाही. दिसणाऱ्या मुलाला ती शिक्षा वाटते. नोंदवहीतले माझे दोन्ही शेरे मी खोडले आणि शेजारी तारखेसह सही केली.

सप्टेंबरमध्ये गेले तेव्हा त्याने पुठ्ठ्याखाली एक ओळ वाचायला जवळजवळ दोन मिनिटे घेतली. सर थांबून होते, आणि मीही.