पहिला फितना, नोंद 4 : सिफ्फीन झालं, आता एका घोषणेपाशी थांबलोय

पहिला फितना म्हणजे 656 ते 661 मधली मुसलमानांची पहिली यादवी. मागच्या नोंदीत उंटाच्या लढाईपर्यंत आलो होतो, डिसेंबर 656, बसऱ्याजवळ, अलीविरुद्ध उठलेले तल्हा आणि जुबैर दोघंही गेले तिथपर्यंत. या तीन आठवड्यांत सिफ्फीनची लढाई संपवली, म्हणजे जुना इतिहासकार तबरीच्या इंग्रजी भाषांतराचा 17वा खंड निम्म्याच्या पुढे गेला, आणि भिंतीवरचा तारखांचा तक्ता सगळा पुसून परत काढला.

तक्त्याचं आधी सांगतो कारण बाकीच्यांचीही हीच चूक होत असणार. मी हिजरी वर्षात सरळ 622 मिळवत होतो. पण हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण 354 दिवसांचं, त्यामुळे हिजरी 37 चा सफर महिना 659 मध्ये नाही तर 657 च्या जुलैमध्ये पडतो. दोन वर्षांचा फरक, आणि सगळा फितनाच जेमतेम पाच वर्षांचा! आता प्रत्येक घटनेपुढे दोन्ही तारखा लिहितोय.

तर सिफ्फीन. फुरात नदीचा काठ, आजच्या सीरियातल्या रक्क्याजवळ. एकीकडे चौथा खलिफा अली, दुसरीकडे सीरियाचा सुभेदार मुआविया, त्याची मागणी एकच की आधी तिसरा खलिफा उस्मानचे मारेकरी आमच्या ताब्यात द्या. लढाई थांबवून कुराणाप्रमाणे निवाडा व्हावा म्हणून मुआवियाच्या सैन्याने भाल्यांवर कुराणाची पानं चढवली ती गोष्ट आपल्या सगळ्यांना माहितीये, मला त्याच्या पुढचा भाग जास्त धरून ठेवतो. लवादाचा करार लिहायला बसतात आणि पहिल्याच ओळीवर अडतं. अलीच्या नावापुढे ‘अमीर अल-मूमिनीन’, म्हणजे श्रद्धावंतांचा नेता, ही खलिफाची पदवी लिहिली तर मुआवियाकडून आलेला अम्र म्हणतो, तो तुमचा अमीर, आमचा नाही, खोडा ते. अलीला तेव्हा पैगंबर आणि मक्केवाले यांच्यातला 628 चा हुदैबियाचा तह आठवतो, तिथे असंच पैगंबरांच्या नावापुढचे ‘अल्लाहचा रसूल’ हे शब्द खोडायला लावले होते आणि तो करार लिहीत होता खुद्द अलीच. शेवटी पदवी खोडली जाते. हे पान मी तीनदा वाचलं. खलिफा कोण हे लढाईने ठरलं नव्हतं, आणि इथे एक शब्द खोडून अर्धं देऊन टाकलं असं मला वाटतं.

मग अलीच्या बाजूचा अश्अस तो करार घेऊन सैन्यात तुकडी-तुकडीला वाचून दाखवत फिरतो, तमीम टोळीपाशी येतो तेव्हा उर्वा नावाचा माणूस ओरडतो, अल्लाहच्या बाबतीत माणसांना पंच करता काय, ‘ला हुकमा इल्ला लिल्लाह’, निवाडा फक्त अल्लाहचा, आणि तलवारीचा एक हलका वार अश्असच्या जनावराच्या पुठ्ठ्यावर करतो. जनावर उधळतं. खारिजींची, म्हणजे लवाद नाकारून अलीपासून फुटलेल्यांची, सुरुवात मी आता इथूनच मोजतो. पुढे 658 ची त्यांची अलीशी झालेली नहरवानची लढाई, आणि जानेवारी 661 मध्ये कुफ्याच्या मशिदीत इब्न मुल्जम या खारिजीने अलीवर वार केला तेव्हाही, तबरीत येतं त्याप्रमाणे, तोंडी हीच घोषणा होती.

अलीचं उत्तर मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. वाक्य खरं आहे, म्हणाला, पण त्यातून साधायचंय ते खोटं. कुराण म्हणजे दोन पुठ्ठ्यांमधलं लिखाण, ते स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने माणसंच बोलतात. आणि माणसांना अमीर लागतोच, भला असो की बुरा.

आता आधुनिक काळाचं, कारण मी या छंदात आलोच त्यासाठी. ‘हाकिमियत’, म्हणजे सार्वभौमत्व फक्त अल्लाहचं, हा विचार 20व्या शतकात मांडला इस्लामी विचारवंत मौदुदींनी, जन्म 1903, आपल्या औरंगाबादेतला. तिथून तो इजिप्तमध्ये सय्यद कुत्ब या इस्लामी लेखकाकडे गेला, कुत्बला 1966 मध्ये फाशी झाली, आणि 1981 मध्ये इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांचा खून झाला तेव्हा मारेकऱ्यांना खारिजी म्हटलं गेलं. हे लेबल मला फार सोयीचं वाटतं. सरकारवर उठणाऱ्या कुणालाही चिकटवता येतं, आणि मूळ खारिजींची दुसरी बाजू त्यात पार बुडते, की खलिफा कुरैश, म्हणजे पैगंबरांच्या टोळीतलाच पाहिजे असं काही नाही, धर्मनिष्ठ असेल तर गुलामही चालेल. सातव्या शतकात हे बोलणं केवढं धाडसाचं होतं!

आणि मौदुदी तरी एकाच रंगाचे कुठे आहेत. त्याच 1966 च्या सुमारास त्यांनी खिलाफतीची राजेशाही कशी झाली यावर पुस्तक लिहिलं, उस्मानने नातेवाइकांना पदं दिली त्यावर टीका केली आणि उलेमांचा प्रचंड रोष ओढवून घेतला. त्याआधी 1925 मध्ये, तुर्कस्तानात खिलाफत बंद होऊन वर्षच झालं होतं, इजिप्तच्या अली अब्द अल-राजिकने लिहिलं की खिलाफत धर्माने सांगितलेलीच नाही, ती तलवारीवर उभी राहिली. कैरोच्या अजहर या धर्मविद्यापीठाने त्याचं आलिमपद, म्हणजे धर्मपंडित म्हणून असलेली मान्यता, काढून घेतलं. दोघांची उत्तरं एकमेकांच्या पार उलटी, पण दोघांनाही त्याच सुरुवातीच्या खलिफांकडे परत जावं लागलं, आणि अलीचा प्रश्न दोघांनाही लागू पडतो, पुस्तकाच्या वतीने बोलणार कोण?

पुढच्या महिन्यात इबादी घेतोय, खारिजींच्या वेळच्या फाटाफुटीतूनच आलेली पण मवाळ शाखा, आज मुख्यतः ओमानमध्ये. मस्कतला राहणारं कुणी असेल तर तिथल्या मशिदींबद्दल, लोकांशी झालेल्या गप्पांबद्दल जरूर लिहा. तक्त्यात त्या रांगेला जागा सोडून ठेवलीये.